चकतीचं कुलूप

२००४ साली मामेभावाने अमेरिकेहून येताना माझ्यासाठी कुरोसावाच्या ‘राशोमोन’ची डीव्हीडी आणली. मी तेव्हा हैदराबादला तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते. मैत्रिणीचा प्लेअर उसना आणला, डीव्हीडी आत सरकवली, आणि पडद्यावर एका ओळीचा नकार उमटला: रीजन चुकीचा. डीव्हीडी काढणाऱ्यांनी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका पहिल्यात, जपान पश्चिम युरोपाबरोबर दुसऱ्यात, भारत पाचव्यात. डीव्हीडी विकत घेतलेली होती, अस्सल होती, तरी मला ती पाहता येत नव्हती.

यंदाच्या पावसाळ्यात जुन्या खोक्यातल्या डीव्हीडी एकेक करून हार्डडिस्कवर उतरवायला घेतल्या. काहींवर डाग पडलेत, काही मध्येच अडकतात. हे काम घरबसल्या करता येतं, यामागे एक खटल्यांचा इतिहास आहे.

१९९६च्या नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली. रीजनखेरीज तिच्यावर ‘सीएसएस’ नावाचं दुसरं कुलूप असे. चित्रपटाची माहिती गोंधळवून लिहायची आणि तो गोंधळ उलगडण्याची किल्ली परवाना घेतलेल्या प्लेअरलाच द्यायची. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी असा प्लेअरच बाजारात नव्हता. १९९९च्या ऑक्टोबरात ‘डीसीएसएस’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला आणि कुलूप उघडलं. तो लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघे अनामिक राहिले. तिसरा नॉर्वेतला १५ वर्षांचा मुलगा, जॉन लेक योहान्सन.

न्यूयॉर्कमध्ये ‘२६००’ या हॅकरांच्या नियतकालिकावर चित्रपट कंपन्यांनी दावा लावला. २०००मध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूने गेला आणि पुढच्या वर्षी अपिलातही टिकला. संगणकाचा कोड हे भाषणच आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. पण हे भाषण कुलूपही उघडतं, म्हणून त्याला मनाई करता येते, असं ठरवलं. यावर सेथ शोएन या प्रोग्रॅमरने तो कोड हायकूंमध्ये लिहून काढला. पाच-सात-पाच अक्षरावयवांची ४६५ कडवी! वाचणारा जाणकार असेल तर त्यावरून पुन्हा प्रोग्रॅम लिहू शकतो. आता बंदी कशावर घालणार, कवितेवर? अनुवादाने युक्तिवाद केल्याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

ऑस्लोत मात्र योहान्सन २००३च्या जानेवारीत निर्दोष सुटला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अपिलातही. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी कोणत्या साधनावर पाहायची हे ग्राहक ठरवू शकतो, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५ए हे कलम आलं. कुलूप तोडणं त्यात गुन्हा आहे, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. हेतूचा हा शब्द माझ्यासारख्या खासगी संग्रहवाल्यांना मोलाचा वाटतो.

कुलूप उघडलं तरी सगळं आपोआप उतरत नाही. डीव्हीडीवर ८ ध्वनिपट्ट्या आणि ३२ उपशीर्षकपट्ट्या मावतात. उतरवताना आपण निवडू त्याच येतात; घाईत एक खूण करायची राहिली की अनुवाद गळतो आणि चित्रपट मुका होतो. शिवाय डीव्हीडीवरची उपशीर्षकं हा मजकूर नसतोच, ती चित्रं असतात. त्यांची अक्षरं करायची तर ओसीआर लागतं.

‘राशोमोन’साठी संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन बदलला. असा बदल पाचच वेळा करता येतो, त्यातला एक खर्च झाला. चित्रपट उतरला. मग उपशीर्षकांची फाइल उघडली, तर इंग्रजीतला ‘मी’, म्हणजे कॅपिटल ‘आय’, ओसीआरने जागोजाग स्मॉल ‘एल’ म्हणून वाचलेला. दरोडेखोर, पत्नी, मेलेला नवरा, लाकूडतोड्या: एकाच खुनाबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो, आणि प्रत्येकाच्या साक्षीचा सगळा भार त्या ‘मी’वरच असतो. सगळे एकदम बदलावेत तर इतर शब्दांतले खरे ‘एल’ही बदलतील. म्हणून दोन रात्री बसून एकेक ‘मी’ हाताने दुरुस्त केला. वीस वर्षांपूर्वी जो चित्रपट लागलाच नव्हता, त्याची ओळन् ओळ अशी वाचून झाली.