साक्षीदाराचे मौन

परभणीच्या दिवाणी न्यायालयात साक्षीदाराला अडचणीचा प्रश्न विचारला गेला, तर ‘उत्तर दिल्यास मीच गुन्ह्यात सापडेन’ एवढ्या सबबीवर त्याला गप्प बसता येत नाही. निजामाच्या राज्याचे कायदे निराळे होते. ज्याच्या १३२ व्या कलमात हा नियम होता, तो भारतीय पुरावा कायदा मराठवाड्याला लागू झाला १९५१ साली; २०२४ च्या जुलैपासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, नियम मात्र तोच राहिला. उत्तर द्यावेच लागते. परंतु सक्तीने दिलेले उत्तर, खोट्या साक्षीचा खटला सोडल्यास, साक्षीदाराविरुद्ध फौजदारीत वापरता येत नाही. राज्यघटनेच्या २० (३) कलमातील मौनाचा हक्क आरोपीचा आहे.

अमेरिकेत दिवाणी जबानीतही तेथील घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेता येतो. बालकांवरील अत्याचारांच्या दाव्यांत तिकडच्या काही धर्मगुरूंनी तो घेतला. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. पण १९७६ च्या बॅक्स्टर निकालानुसार अशा मौनाचा प्रतिकूल अर्थ दिवाणी न्यायालय काढू शकते.

आपल्याकडे मौनाची खरी कसोटी लागली ती कायद्यापेक्षा समाजापुढे. २१ ऑक्टोबर १८६० रोजी करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर अनुयायांच्या स्त्रियांशी दुराचाराचा आरोप केला. यदुनाथजी महाराजांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांना कोर्टाची पायरी चढावी लागू नये, म्हणून अनुयायांच्या सह्यांचा एक करार त्यापूर्वीच झाला होता. करसनदासांनी त्याला ‘गुलामीखत’ म्हटले. आता भाटिया ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरविले की महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्यास वाळीत टाकावे. करसनदासांनी त्यांच्यावर कटाचा खटला भरला आणि नऊ जणांना दंड झाला. साक्षीदाराच्या तोंडाला लावलेले कुलूप न्यायालयाने असे आधी उघडले, आणि मगच १८६२ च्या जानेवारीत मूळ दावा सुनावणीस आला.

महाराज स्वतः पिंजऱ्यात उभे राहिले व त्यांनी सारे नाकारले. मौनाचा आश्रय घ्यायला सर्वाधिक सबळ कारण होते ते डॉ. भाऊ दाजी लाड यांना. रोग्याचे गुपित राखणे हे वैद्याचे व्रत. तरीही महाराजांवर आपण गुप्तरोगाचे उपचार केले, हे त्यांनी शपथेवर सांगितले. इंग्रजी कायद्यात वैद्याला असा विशेषाधिकार नव्हताच. २२ एप्रिलला निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने लागला. आरोप ज्यांच्यावरील अन्यायाचा होता, त्या स्त्रियांपैकी मात्र एकही साक्षीला आली नाही. तिचे मौन कोणत्याही कलमात बसत नव्हते, म्हणून ते कोणी मोडूही शकले नाही.

ही दुसऱ्या धर्माच्या घरातील गोष्ट म्हणून आपण सुटका करून घेऊ नये. आपल्या धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही आरोपीला गुन्हा कबूल करण्याचे बंधन नाही (कलम १७२८), आणि ते योग्यच आहे. पण संरक्षण आरोपीचे होते, संकोच पीडिताचा, आणि आपण दोन्हींना ‘धर्मग्रामाची अब्रू’ असे एकच नाव दिले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरील पोपदरबारी गुप्ततेचे बंधन उठविले. तक्रार करणाऱ्यावर तक्रारीतील मजकुराबाबत मौन लादता येणार नाही, हा नियमही त्याच वर्षीचा. मुंबईतील भाटियांचा ठराव त्यापूर्वी १५८ वर्षांचा होता.