हेलीबरीचा वर्ग आणि इंदापूरचें शेत

कॉलेजांत अर्थशास्त्राचा श्रीगणेशा करणाऱ्या विद्यार्थ्यास खंडाचा सिद्धांत फार लवकर भेटतो. प्राध्यापक फळ्यावर तीन शेतें मांडतात : एक सुपीक, एक मध्यम आणि एक अगदींच हलकें. हलक्या शेतांत खर्चापुरतेंच पिकतें. तेवढ्याच खर्चांत सुपीक शेतांत त्याहून जें अधिक पिकतें, तो त्या शेताचा खंड. यावरून पुढचें सूत्र निघतें, कीं सरकारनें कर या खंडावरच बसविला तर कसणाऱ्याची मजुरी व नफा यांस धक्का लागत नाहीं. विचार इतका सुटसुटीत आहे कीं तो पटावयास अर्धा तासहि लागत नाहीं. पण हाच धडा एकदां पुणें जिल्ह्यांत फळ्यावरून थेट शेतांत उतरला आणि त्याचा निकाल कुणब्याच्या घरीं लागला. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

हिंदुस्थानांत पाठवावयाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांसाठीं ईस्ट इंडिया कंपनीनें १८०६ मध्यें इंग्लंडांत एक कॉलेज काढलें; १८०९ पासून तें हेलीबरी येथें भरूं लागलें. लोकसंख्येवरील निबंधामुळें गाजलेला माल्थस १८०५ मध्येंच तेथें प्राध्यापक नेमला गेला होता आणि १८३४ मध्यें मरेपर्यंत तो तेथेंच राहिला. अॅडम स्मिथचा ग्रंथ पुढें ठेवून तो या पोरसवदा विद्यार्थ्यांस प्रश्न विचारी. १८१५ मध्यें त्यानें खंडावर जी पुस्तिका छापली, तिचा मूळ मजकूर या वर्गासाठीं केलेल्या टिपणांतला होता असें त्यानेंच म्हटलें आहे. दोन वर्षांनीं रिकार्डोनें त्याच विचारास अधिक काटेकोर रूप दिलें.

माल्थसच्या विद्यार्थ्यांपैकीं रॉबर्ट कीथ प्रिंगल हा मुंबई इलाख्यांत आला. पेशवाई १८१८ मध्यें बुडालेली. दक्षिणेंतील शेतसारा कसा ठरवावा हा प्रश्न नव्या सरकारपुढें होताच. प्रिंगलनें जमिनीची पाहणी हातीं घेतली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें उत्पन्न काढावयाचें, त्यांतून लागवडीचा खर्च वजा करावयाचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावयाचे, असा त्याचा हिशेब होता.

आतां हा खर्च काढावयाचा कसा? नांगरास जुंपलेले बैल घरचे, त्यांची वैरण शेतांतलीच, राबणारीं माणसें कुटुंबांतलीं. सुतार-लोहारांचें बलुतें खळ्यावर धान्यानें फेडलेलें. यांपैकीं कशासहि बाजारभावाची चिठ्ठी लावलेली नव्हती. शिवाय इंदापूरकडील पाऊस बेभरंवशाचा, तेव्हां कोणतें वर्ष सरासरीचें धरावें? हजारों शेतांचीं अशीं गणितें प्रिंगल एकटा करूं शकत नव्हता. तीं हाताखालच्या कारकुनांनीं केलीं, आणि त्यांत अज्ञान व लांचलुचपत या दोहोंसहि वाव मिळाला. कागदावर मात्र आंकडे रेखीव दिसत.

१८३० च्या सुमारास नवे दर लागू झाले. धान्याचे भाव उतरलेले होते. बाकी थकत गेली, सूट देणें भाग पडलें, जमिनी पडीक पडल्या आणि कित्येक कुणबी गांव सोडून गेले. वसुलीसाठीं रयतेचे शारीरिक हाल केले गेले, हें मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या अहवालांत नमूद आहे. फळ्यावरच्या सूत्राप्रमाणें ज्याच्या मजुरीस धक्काहि लागावयाचा नव्हता, तोच हा कुणबी!

१८३५ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूरचें काम नव्यानें आरंभिलें. जमिनीच्या प्रती त्यांनींहि लावल्या, पण निव्वळ उत्पन्नाचा शोध सोडून दिला. मागील वर्षांत प्रत्यक्ष वसूल किती झाला हें पाहून तालुक्याची एकंदर रक्कम ठरविली, ती प्रतवारीनें वांटली आणि दर तीस वर्षें कायम केले. ही पद्धत निर्दोष होती असें नव्हे. मुदत संपल्यावर सारा वाढला आणि नव्या तक्रारी उठल्या, पण ती कथा निराळी.

माझ्या मतें खंडाचा सिद्धांत खोटा नव्हता. भांडवल घालून, मजूर लावून, नफा न झाल्यास शेत सोडणारा इंग्लिश शेतकरी त्यांत गृहीत होता, आणि तेंच गृहीत वाटेंत गळून पडलें. घाईघाईनें सामान्य नियम बांधण्याची हौस हेंच या शास्त्रांतील चुकांचें मुख्य कारण, असें खुद्द माल्थसनें १८२० च्या आपल्या ग्रंथांत बजाविलें आहे. त्याचा शिष्य प्रिंगल पुढें १८४७ मध्यें सिंधचा कमिशनर झाला.