टेडवर्थचा ढोल

इंग्रजी वाङ्मयांत भुतांचा माग काढणारा एक गुप्तहेर आहे. त्याचें नांव कार्नॅकी. विल्यम होप हॉजसन ह्या लेखकानें १९१० सालीं 'आयडलर' मासिकांतून त्यास वाचकांपुढें आणिलें, व १९१३ सालीं त्याच्या सहा गोष्टींचें पुस्तक निघालें. लंडनच्या चेल्सी भागांत थेम्स नदीच्या कांठीं हा गृहस्थ राहतो. चार मित्रांस जेवावयास बोलावितो. जेवण आटोपेपर्यंत कामाविषयीं चकार शब्द काढीत नाहीं. आणि मग चिलीम पेटवून नुकत्याच हातावेगळ्या केलेल्या प्रकरणाची हकीकत सांगतो. एखाद्या श्रीमंताच्या हवेलींतून त्यास बोलावणें आलें, कीं तो मंत्रतंत्रास आरंभ करीत नाहीं. प्रथम भिंती ठोकून पाहतो, तळघर उकरतो, दारांवर बारीक केस ताणून लाखेनें चिकटवितो, अंधारांत छायाचित्रें घेतो. ह्या सर्वांस भूत पुरून उरलें, तरच विजेच्या निळ्या नळ्यांची पंचकोनी तारका मांडून तो तिच्या आंत बसतो. आमच्याकडे पंचाक्षरी प्रथम रिंगण आंखतो आणि शोध कधींच करीत नाहीं. कार्नॅकीचा क्रम उलटा आहे, आणि ह्या क्रमांतच त्याच्या गोष्टींची सारी खुमारी सांठविलेली आहे.

हा क्रम हॉजसनला कोठून सुचला? टीकाकार शेरलॉक होम्सकडे बोट दाखवितात, व तें चूक नाहीं. परंतु आमच्या मतें ह्या घराण्याचा मूळपुरुष शोधावयाचा, तर कादंबऱ्यांचीं कपाटें बंद करून हॉजसनच्या अडीचशें वर्षें मागें, विल्टशायर परगण्यांतील टेडवर्थ ह्या गांवीं गेलें पाहिजे.

१६६० सालीं इंग्लंडांत राजा परत आला. क्रॉमवेलच्या फौजेंतील शिपाई देशोधडीला लागले. अशांपैकीं विल्यम ड्रुरी हा एक ढोलवाला होता. गळ्यांत ढोल अडकवून तो गांवोगांव हिंडे, आणि एक परवाना दाखवून पैसे मागे. लडगर्शल येथें जॉन मॉम्पेसन ह्या टेडवर्थच्या मातबर जमीनदारानें त्याला हटकलें. परवान्यावर ज्या बड्या लोकांच्या सह्या होत्या, त्यांचें अक्षर मॉम्पेसनच्या ओळखीचें होतें. सह्या खोट्या निघाल्या. ढोल जप्त झाला. ड्रुरीनें ढोलासाठीं पुष्कळ विनवण्या केल्या, त्या व्यर्थ गेल्या. त्याची सुटका झाली, पण ढोल कांहीं दिवसांनीं मॉम्पेसनच्या घरीं येऊन पडला.

आणि मग तें घर वाजूं लागलें. रात्रीं दारें ठोकल्याचे आवाज, छपरावर धमधम, पुढें चक्क लष्करी ठेक्यांत ढोल! मुलांच्या पलंगांवर कोणीतरी बडवावें, खुर्च्या आपोआप सरकाव्या, लहान मुलींच्या अंथरुणाखालीं नखें ओरखडल्यासारखें व्हावें, असा प्रकार कित्येक महिने चालला. मॉम्पेसनची पत्नी बाळंतीण झाली तेव्हां मात्र सुमारें तीन आठवडे सर्व शांत होतें. भुताच्या ठिकाणीं एवढी माणुसकी पाहून त्या काळच्या लोकांस आश्चर्य वाटलें. आम्हांस मात्र त्यांत कोणातरी जित्या माणसाची भीड दिसते.

१६६३ च्या जानेवारींत जोसेफ ग्लॅनव्हिल नांवाचा विद्वान धर्मोपदेशक तेथें गेला. ग्लॅनव्हिल कोणी भोळसट मनुष्य नव्हता. पुढच्याच वर्षीं तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला, आणि नव्या प्रायोगिक शास्त्राचा कैवार त्यानें आयुष्यभर घेतला. मुलींच्या खोलींत शिरतांच त्यास ओरखडण्याचा आवाज ऐकूं आला. त्यानें मुलींचे हात पाहिले. ते पांघरुणाच्या बाहेर होते. उशीमागें हात घातला, पलंगाखालीं पाहिलें, भिंत चांचपली. कपड्यांच्या एका पिशवींत कांहींतरी हालल्यासारखें दिसलें, म्हणून ती मुठींत धरून उलटी केली. आंत उंदीरसुद्धां नव्हता. इतकी तपासणी करून तो अशा निर्णयाला आला, कीं हें कृत्य पिशाचाचेंच. दुसऱ्या दिवशीं त्याचा घोडा घामाघूम होऊन उभा असलेला सांपडला व दोनतीन दिवसांत मेला, तेंही त्यानें त्याच खातीं मांडलें! हा वृत्तान्त १६६८ सालीं त्यानें छापून काढला, व त्याच्या मृत्यूनंतर १६८१ सालीं निघालेल्या मोठ्या ग्रंथांत तो पुन्हां आला. पिशाच सिद्ध झालें तर परलोक सिद्ध होतो आणि नास्तिकाचें तोंड बंद होतें, असा त्याचा हिशेब होता. उत्तर अगोदर ठरवून प्रश्न विचारणाऱ्याची दृष्टि कितीही तीक्ष्ण असली, तरी ती पिशवीपलीकडे पोंचत नाहीं.

त्याच घरांत आणखी एक पाहुणा राहून गेला. लंडनचें सेंट पॉल देवालय ज्यानें पुढें बांधिलें, तो ख्रिस्तोफर रेन. त्याची हकीकत जॉन ऑब्रेनें टिपून ठेविली आहे. रेनला चमत्कार असा कांहीं दिसला नाहीं. लाकडी तक्तपोशीवर हातानें ताल धरावा तसा आवाज मात्र अधूनमधून येई. आणि त्याच्या ध्यानांत आलें, कीं शेजारच्या खोलींत घरांतील एक विशिष्ट मोलकरीण असली म्हणजेच तो येतो. दोन खोल्यांमध्यें भिंत नव्हती, नुसत्या फळ्या होत्या. वास्तुशास्त्रज्ञाच्या डोळ्यास प्रथम फळी दिसावी हें योग्यच! दुसऱ्या दोघा गृहस्थांनीं निराळीच युक्ति केली. 'अमुक इतक्या वेळां ठोक' असें मोठ्यानें म्हटलें कीं तितके ठोके पडत; तेंच पुटपुटलें कीं उत्तर येत नसे. ऑब्रे म्हणतो, त्यांनीं लॅटिन किंवा फ्रेंच भाषेंत हुकूम सोडून पाहावयास हवा होता. शिवाय रात्रीं बारानंतर किंवा सकाळीं सहाच्या आधीं हें पिशाच सहसा आवाज करीत नसे. दिवसभर राबणाऱ्या माणसानें ज्या वेळीं निजावें, त्याच वेळीं तें निजे.

ऑब्रेचें हें अर्ध्या पानाचें टिपण ग्लॅनव्हिलच्या अवघ्या ग्रंथाहून आम्हांस मोलाचें वाटतें. तरीपण एक गोष्ट मनांत सलते. त्या मोलकरणीचें नांव ऑब्रेनें दिलेलें नाहीं, आणि तिला कोणी कांहीं विचारलें असेंही लिहिलेलें नाहीं. फळी पातळ होती व बाई पलीकडे होती, एवढ्यावर आम्ही वाचक निकाल देऊन मोकळे होतों.

आमच्या आजोळच्या वाड्यांत, आम्ही लहान असतांना, माडीवर रात्रीं पाटा ओढल्यासारखा आवाज होऊं लागला. परसांतील पिंपळावरचा मुंजा म्हणून वडीलधाऱ्यांनीं शांत करविली. आमचे मामा शिकलेले होते. त्यांचा मुंजावर विश्वास नव्हता. त्यांनीं तर्क चालविला, आणि माडीखालच्या खोलींत निजणाऱ्या धुणेंभांडें करणाऱ्या बाईला घालवून दिलें. आवाज थांबला नाहीं. वैशाखांत कौलें चाळावयास माणसें वर चढलीं, तेव्हां आढ्याखालीं उदमांजर पिलांसकट सांपडलें. मामा मनमुराद हंसले, व ती गोष्ट पुष्कळ वर्षें पाहुण्यांना सांगत राहिले. त्या बाईला परत बोलाविल्याचें मात्र आम्हांस आठवत नाहीं. शास्त्रीय दृष्टि म्हणून जी आम्ही मिरवितों, तिचा पहिला धक्का घरांतील कोणत्या माणसास बसतो, हें तेव्हांपासून आम्ही प्रत्येक भुताच्या हकीकतींत पाहूं लागलों.

टेडवर्थच्या प्रकरणाचा शेवट समाधानकारक नाहीं. ड्रुरी पुढें ग्लॉस्टर येथें डुकरें चोरल्यावरून तुरुंगांत पडला, आणि विल्टशायरच्या त्या गृहस्थास आपणच छळलें अशी त्यानें तेथें फुशारकी मारली. त्यावरून त्याच्यावर जादूटोण्याचा खटला झाला. तो आरोप शाबीत झाला नाहीं, पण चोरीबद्दल त्याला हद्दपारी मिळाली. राजानें आपले दरबारी चौकशीस पाठविले, त्यांना कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग मॉम्पेसननें लबाडी कबूल केली अशी आवई उठली. १६७२ सालच्या पत्रांत त्यानें ती साफ नाकारिली आहे. नांव गेलें, पैसा गेला, घरची स्वस्थता गेली, एवढें सोसून आपल्याच मुलांच्या अंथरुणाखालीं ढोल वाजविण्यांत त्याचा काय लाभ असावा, हें आम्हांस उमगत नाहीं. १७१६ सालीं अ‍ॅडिसननें ह्या ढोलावर प्रहसन रचिलें.

दुसरें प्रकरण हँपशायरमधील हिंटन अ‍ॅम्प्नर येथील हवेलीचें. १७६५ सालीं रिकेट्स कुटुंब तेथें भाड्यानें राहावयास आलें. दारें आपटत, रेशमी वस्त्राची सळसळ होई, नोकरांस तपकिरी पोशाखाचा पुरुष दिसे. मेरी रिकेट्स ह्या बाईनीं प्रथम हा सर्व चाकरमाणसांचा भित्रेपणा ठरविला. पतीनें कुलपें बदलून टाकिलीं. १७६९ सालीं पति जमेकास गेल्यावर, तिघां मुलांसह एकट्या राहिलेल्या बाईंच्या स्वतःच्या कानीं तें पडूं लागलें, आणि तेव्हांपासून नोकरांची भीति ही साक्ष झाली. तरीही बाई मोठ्या धीराच्या. लबाडी उघडकीस आणणारास त्यांनीं पन्नास पौंडांचें बक्षीस लाविलें, तें साठ केलें, शेवटीं शंभरावर नेलें. १७७१ सालीं त्यांचे बंधु कॅप्टन जॉन जर्व्हिस आले. पुढें १७९७ सालीं सेंट व्हिन्सेंटच्या आरमारी लढाईंत ज्यांनीं नांव काढिलें तेच हे. त्यांनीं व त्यांच्या एका स्नेह्यानें खोलीन् खोली धुंडाळली, आणि पिस्तुलें घेऊन रात्री जागून काढल्या. सांपडलें कोणीच नाहीं. आवाज ऐकूं आले. हें घर मनुष्यवस्तीस योग्य नाहीं, असें सांगून त्यांनीं बहिणीस तेथून हलविलें. १७९३ सालीं ती हवेली पाडण्यांत आली.

बाईंनीं सर्व वृत्तान्त १७७२ सालीं आपल्या मुलांकरितां लिहून ठेविला होता. तो 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें छापला गेला १८७२ सालीं. त्याच वर्षीं शेरिडन ल फानू ह्यानें डॉक्टर हेसेलियस हा भूतबाधेचा चिकित्सक आपल्या कथासंग्रहांत आणिला. १८८२ सालीं लंडनांत मानसशोधक मंडळ निघालें व भुताचा माग काढणें हा रीतसर व्यवसाय झाला. फ्लॅक्समन लो, जॉन सायलेन्स वगैरे मंडळी त्यानंतरची. त्यांच्याविषयीं येथें विस्तार नको.

तेव्हां पुन्हां कार्नॅकीकडे वळूं. त्याच्या 'अदृश्याचा घोडा' ह्या गोष्टींत हिस्गिन्स नांवाचें जुनें खानदान आहे. ज्येष्ठ अपत्य मुलगी झाली आणि तिचें लग्न ठरूं लागलें, कीं एक अदृश्य घोडा तिच्या मागें लागतो, अशी त्या घराची दंतकथा. टापा ऐकूं येतात, अंधारांत खिंकाळणें होतें, नियोजित वराचा हात मोडतो. कार्नॅकी पहारा ठेवितो व अखेर चोर पकडतो. तो निघतो पार्स्केट, घरांतलाच आप्त. मुलीवर त्याचें मन बसलें होतें, आणि घोड्याचें प्रचंड मुखवट्यासारखें डोकें घालून तो वावरत होता. येथें होम्सनें सामान उचलून गाडी गांठली असती. परंतु तो पकडला जातो त्याच वेळीं तळघराच्या अंधारांतून दुसऱ्याच टापा जवळ येतात. त्या कोणाच्या, हें पार्स्केटलाही ठाऊक नसतें. पळून न जातां तो मुलीच्या आड होतो आणि जागच्या जागीं मरतो. कार्नॅकी मित्रांस सांगतो, कीं अमुक प्रकार पार्स्केटचे, अमुक प्रकारांचा उलगडा नाहीं. आणि चिलीम झाडून सर्वांस नेहमीप्रमाणें दाराबाहेर काढतो.