आभाळाला ठिगळ कुठे लावायचे?

श्रोतेहो, 'आभाळच फाटलं, तर ठिगळ कुठं कुठं लावायचं?' असं आपण हताश होऊन म्हणतो. आज या म्हणीलाच थोडा जाब विचारू या.

एखाद्या लहानशा टापूत तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला, की हवामान खाते त्यास ढगफुटी म्हणते. शंभर मिलिमीटर म्हणजे किती हो? एका एकरावर चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर!

पुराची मोजदाद नाशिककरांना नवी नाही. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती ही त्यांची मोजपट्टी. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं माणसं एकमेकांना सांगत आली. १९६९ आणि २००८ चे महापूरही लोकांनी याच मापाने लक्षात ठेवले.

पण ही पट्टी मोठ्या नदीची. गंगापूर धरणातून पाणी सोडायचे, तर आधी वर्दी मिळते. ढगफुटीचे पाणी घरामागच्या नाल्यातून येते आणि वर्दी देत नाही. नाशिकचेच अंबड घ्या. पूर्वीचे हे शेतीचे गाव. आज तिथे औद्योगिक वसाहत नि दाट वस्ती आहे. जवळून नासर्डी, म्हणजे आताची नंदिनी, वाहते आणि टाकळीपाशी गोदावरीला मिळते. रानात जिरणारे पाणी आता पत्रे, सिमेंट नि डांबरावरून धावत थेट नाल्यात शिरते. आणि नालाच बुजवला असेल तर? ते घरात शिरणार, दुसरे काय!

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत हेच दिसले. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहरात कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. पाऊस आभाळाने पाडला खरा, पण मिठी नदीचे पात्र आवळले होते ते माणसांनी.

ढग नेमका कुठे फुटेल, हे दिवसभर आधी सांगणे आजही कठीण आहे. पाणी कोणत्या वाटेने जाईल, हे मात्र गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. तेव्हा गुरुजी, पावसाळ्यापूर्वी मुलांना त्यांच्याकडे न्या. 'आजोबा, पाणी कुठवर आलं होतं?' असं विचारू द्या. तिथल्या भिंतीवर रंगाची रेघ ओढा, साल लिहा. रेघेखाली घर बांधू नये, नाल्यात राडारोडा टाकू नये, वाहत्या पाण्यात पाऊल घालू नये, एवढे तरी गावाने पाळावे.

आभाळाला ठिगळ लागत नाही, हे खरेच. पण पाण्याची वाट मोकळी ठेवणे तर आपल्या हाती आहे ना?