जोतिबाचा घाट आणि एक पंप

गेल्या महिन्यात एका रविवारी जोतिबाच्या घाटात दादाच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग एकदम जड झालं. दादाचं वय ८२. एका वळणावर चाक फिरेना, मी शेजारून हात लावला तेव्हा कुठे गाडी वळली. घरी आल्यावर पुतण्याने फर्मान काढलं, "बाबा, आता गाडी विका." दादा त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी खाली डबा ठेवून तेल काढलं, बेल्ट सैल करून उतरवला, दोन्ही होज सोडवून त्यांच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबली आणि बोल्ट काढून पंप बाहेर घेतला. पुलीला मात्र पुलर लावला. "हातोडी मारायची नाही गुरुजी, आतला दांडा बाद होतो!" दोष निघाला एका रबरी सीलमध्ये.

या पंपाची गोष्ट साधी आहे. इंजिन बेल्टने पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ साली हे करून दाखवलं, पण बाजारातल्या मोटारीत ते यायला १९५१ साल उजाडलं. ती मोटार क्रायस्लरची इंपिरियल. आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं अँबॅसिडरवाले मनगटाच्या जोरावरच घाट चढत होते.

त्या गाडीचं सील काही मिळेना. मिस्त्रींनी व्हर्नियरने माप घेतलं आणि दुसऱ्याच एका यंत्राचं, तेलात टिकणारं सील शोधून बसवलं. मला आठवले बाबूराव पेंटर. त्यांचं मूळ आडनावही मेस्त्रीच. आनंदरावांबरोबर सुरू केलेलं कॅमेऱ्याचं काम आनंदराव अर्ध्यावर गेल्यावर बाबूरावांनी याच कोल्हापुरात पुरं केलं, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. वर्गात मी हे सनावळी म्हणून शिकवलं. त्यामागचे तेलकट हात कधी डोळ्यांपुढे आले नव्हते.

पंप बसवून, तेल भरून, चाक दोन्ही टोकांना फिरवून मिस्त्रींनी हवा काढली.

परवाच्या रविवारी दादाने स्वतः गाडी वर नेली. राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेल्या त्या देवळात दवणा वाहिला, बाहेर येऊन बॉनेटला गुलाल लावला आणि किल्ली पुतण्याच्या हातात दिली.

"विकायची नाही. उतरताना तू चालव."

चांगभलं!