ठेकेदाराविना कूप

आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवरून एकेकाळी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या जंगलातले लाकूड आणि कोळसा मुंबईकडे जात असे. मुरबाडला रेल्वे आजही नाही. तिथून कल्याणपर्यंत तेव्हा गाडीवाट होती. ज्यांच्या कुऱ्हाडीने झाड पडे त्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांत त्या व्यापारातले काय येई? दिवसाची मजुरी, आणि पुष्कळदा तीही नाही.

१८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव होऊ लागले आणि भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, टहाळ तोडणेही गुन्हा ठरण्याची वेळ आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतला असंतोष एवढा वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. खैरापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांचा तर धंदाच बुडाला. ती माणसे कोळशाच्या भट्ट्यांवर राबू लागली. आषाढात घरातला दाणा संपला की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीला दिढीने फेडायची. लग्नासाठी कर्ज काढले तर नवराबायको दोघेही सावकाराच्या दारी बांधले जात. अशा माणसाला ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ म्हणत.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. त्यांच्या काळात सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे आदिवासी भागांच्या पाहणीचे काम आले. १९३९ चा त्याचा अहवाल आजही वाचवत नाही, इतकी वेठीची आणि मारहाणीची वर्णने त्यात आहेत. पण अहवाल तेवढ्यावर थांबला नाही. जंगलतोडीतून ठेकेदाराला बाजूला करा आणि मजुरांच्याच सहकारी संस्थांना काम द्या, ही दिशा त्यातून मिळाली. खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठ झुगारून दिली. या उठावाचा धाक नसता तर सरकारी योजना कागदावरच राहिली असती, असे मानायला जागा आहे.

१९४७ मध्ये जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या, आणि ठाणे जिल्हा त्यांचे मुख्य क्षेत्र ठरला. एरवी कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, लिलावात जाई आणि ज्याच्याकडे पैसा तोच बोली लावू शके. इथे लिलाव टाळून कूप थेट संस्थेला मिळे. तोडणारेच सभासद. भांडवल आणि हिशेब यांसाठी एखादी सेवाभावी संस्था पाठीशी उभी राही. मजुरी ठरलेल्या दराने मिळे आणि विक्रीतून उरलेल्या नफ्यात सभासदांचा वाटा असे. शिवाय त्यातून शाळा, दवाखाने, धान्यदुकाने यांवर खर्च होई. गरिबाला व्यवसायात भागीदार करण्याची भाषा आज परिसंवादांतून ऐकू येते. ठाण्याच्या जंगलात ती गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष घडली होती, आणि तिची आठवण फार कमी ठिकाणी काढली जाते याचे वाईट वाटते.

दोष होतेच. हिशेबाच्या वह्या बहुधा बिगरआदिवासी कार्यकर्त्यांच्या हातात राहिल्या. दुसऱ्या पिढीतही अनेक सभासद अंगठ्यापुरतेच उरले. आणि सगळा डोलारा तोडीवर उभा होता. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १९८८ चे वनधोरण यांनंतर कूप आटत गेले, तसे संस्थांचे कामही आटले. दिवाळीनंतर वीटभट्टीचा रस्ता धरणारी कातकरी कुटुंबे वाढली. बंधबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली होती, पण पावसाळ्यात भट्टीमालकाकडून घेतलेली उचल माणसाला पुन्हा बांधून टाकत होती.

नंतरचा प्रयत्न झाड उभे ठेवून करायचा होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली. २०१२ मधल्या नियमबदलाने त्याच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. पूर्वी हाच परवाना मिळवण्याचे बळ फक्त व्यापाऱ्याकडे असे, म्हणून हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. शहापुरात आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये देशभर सुरू झालेल्या वनधन योजनेतून तिथे केंद्र उभे राहिले. वेल आणायची, कापायची, वाळवायची, दळून भुकटी करायची. ओल्या वेलीपेक्षा भुकटीला दर चांगला, आणि तो फरक पाड्यातच राहतो. करोनाच्या काळात गुळवेलीला मागणी वाढली, तेव्हा आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून या केंद्राकडे दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी आली.

गुळवेलीचा तुकडा जमिनीत खोचला तरी फुटतो. मुळाशी वेल राखून वरचा भाग घेतला तर पुढच्या वर्षी त्याच झाडावर ती पुन्हा मिळते. पण मागणी अशीच वाढत राहिली, तर कुठल्या पाड्याने कोणत्या रानातून किती काढायची हे ग्रामसभेलाच ठरवावे लागेल. कारण ती मुळासकट उपटली, तर त्या रानात पुढच्या हंगामाला गोळा करायला काही उरणार नाही.