परागंदांचा कन्चेर्टो

अकोल्याच्या जुन्या शहरात आम्हांस सॅक्सोफोन ठाऊक, तो वरातीच्या बँडमधला. १८४६ साली पेटंट मिळालेल्या या वाद्याला युरोपीय वाद्यवृंदानेही बहुधा उंबऱ्याबाहेरच ठेवले. १९३३ मध्ये वादक सिगुर्ड राशर यांनी नाझी जर्मनी सोडली. रशिया सोडून पॅरिसला राहिलेल्या अलेक्झांडर ग्लाझुनोव्ह यांच्या ते अक्षरशः पिच्छास पडले. त्यातून १९३४ साली आल्टो सॅक्सोफोनचा कन्चेर्टो सिद्ध झाला: सलग, एकाच भागाचा. साथीला केवळ तंतुवाद्ये! पितळी गदारोळातून सुटलेला सॅक्सोफोन इथे मानवी गळ्यासारखा बोलतो. ग्लाझुनोव्ह यांची खरी मर्मदृष्टी आम्हांस याच निवडीत दिसते. त्याच वर्षी राशर यांनी तो स्वीडनमध्ये प्रथम वाजविला. ग्लाझुनोव्ह १९३६ मध्ये पॅरिसनजीकच वारले. मायदेशी परतल्या त्या अस्थी, १९७२ मध्ये.